मिठाला उष्मांक नसतात

लाइनमनच्या वर्गात नाव घातलेल्या माणसाला पहिल्या दिवशी खांबावर चढवत नाहीत, काट्यावर चढवतात. कॉलेजच्या मागच्या आवारात पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दारातच पोती तोलायचा एक जुना काटा ठेवलेला होता. पायात जाड बूट, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, पट्ट्याला पकड, पाने, हातोडी, दोराचं वेटोळं असा सगळा जामानिमा करून एकेकाने त्यावर उभं राहायचं आणि मास्तरांनी आकडा मोठ्याने वाचायचा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक कापडी चिठ्ठी शिवलेली असते. हा पट्टा किती वजनापर्यंत माणसाला धरून ठेवील ते तिच्यावर छापलेलं असतं. इथे ते एकशे वीस किलो होतं.

भट्टी काट्यावर उभा राहिला आणि काटा एकशे तेहतिसावर जाऊन थांबला.

"भट्टीसाहेब," मास्तर म्हणाले, "हा पट्टा काही तुम्हाला धरायचा नाही. तुम्हीच त्याला धरून ठेवा."

सगळा वर्ग हसला. भट्टीही हसला. अंगाने मोठी माणसं लहानपणापासून हसायला शिकतात, तसा तोही शिकलेला होता.

भट्टी हे त्याचं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात वीस वर्षं तो भट्टीवर होता, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. कारखाना बंद पडला. कामावरून गेलेल्यांना गावातल्या कम्युनिटी कॉलेजात कोणताही एक कोर्स एकदाच फुकट करता येईल, असं ठरलं. भट्टीने वीजवाहिन्यांच्या कामाचा कोर्स घेतला, कारण सत्राच्या शेवटी चढणीच्या परीक्षेत पास होणाऱ्यांना वीज कंपनी लगेच कामावर घेणार होती. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोण विचारत होतं? पण परीक्षेच्या दिवशी साहित्यासकट वजन एकशे वीसच्या आत असेल, तरच मास्तर खांबाला हात लावू देणार होते.

त्याची बायकोही त्याच कारखान्यात होती, पॅकिंगमध्ये. तिने पोषण-आहाराचा कोर्स घेतला. जन्मभर उभं राहून पाय मोडले, आता कुठेतरी बसून शिकावं, एवढाच त्यामागे विचार होता. पण पहिल्याच आठवड्यात तिला त्या विषयाची गोडी लागली. भाजीत काय असतं, पावात काय असतं, ते पोटात जाऊन त्याचं काय होतं, हे आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही याचा तिला रागच आला. तिच्या वर्गाच्या मॅडमनी सांगितलं होतं, की प्रत्येकीने सत्रभर एका माणसाचा आहार सांभाळायचा, त्याचा तक्ता ठेवायचा. त्या माणसाला 'केस' म्हणायचं. अर्धे गुण त्याच कामाला होते.

"मला केस घरीच मिळाली," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हणजे मी रोगी का?"

"रोगी नाही हो, केस."

"पोलिसात असते ती?"

"तीच. गुन्हा खाण्याचा. वीस वर्षं फुटका माल घरी आणून खाल्लात, आता भोगा."

तोही हसला. फुटकी बिस्किटं कारखान्यात मातीमोलाने मिळत आणि त्यांच्या घरात डबा कधी रिकामा राहत नसे. तो डबा तिने त्याच दिवशी शेजारी देऊन टाकला.

स्वयंपाकघरात एक छोटा तराजू आला. पाव तोलून, तेल चमच्याने मोजून. कोणत्या वस्तूत किती उष्मांक, ही कोष्टकं तिने भिंतीवर चिकटवली आणि महिन्याभरात पाठ केली. नवरा जेवायला बसला की ती ताटाकडे बघून बेरीज सांगायची आणि तो म्हणायचा, "अगं, निदान तोंडात तरी जाऊ दे, मग हिशेब कर." पण तो ऐकत होता. सगळं ऐकत होता. बेत कसलाही असो, पुढ्यात येईल ते मुकाट खायचा, वर ताट पुसून ठेवायचा.

वजन उतरायला लागलं. पट्ट्याचं शेवटचं भोक सैल पडलं, तेव्हा त्याने खिळा तापवून एक नवीन भोक पाडलं आणि ते तिला दाखवायला पट्टा घरी घेऊन आला. लग्नात अंगठी दाखवतात तसा. मास्तरांनी त्याला खांबाच्या खालच्या पायऱ्यांवर सराव करायची परवानगी दिली. कॉलेजच्या आवारातले ते खांब खोटेच. त्यांच्या तारांमधून कधी वीज गेली नव्हती. तरी त्या तारा जिवंत आहेत, त्यांत वीज आहे, असं धरून चालायला मास्तर लावत. रात्री जेवताना भट्टी मास्तरांची नक्कल करायचा.

"तार मेलीय असं कुणी सांगितलं म्हणून ती मेली धरायची नाही. सख्खा भाऊ सांगत असला तरी नाही. आधी स्वतः तपासायची, मग जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा."

"आमच्या मॅडमचंही तेच," ती म्हणाली. "माणूस काय खाल्लं ते खरं सांगत नाही. मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, पण दोनचार घास मनातल्या मनात गाळतो. केस सांगेल त्यात नेहमी थोडं मिळवून धरा, म्हणतात."

"म्हणजे दोन्हीकडे शिकवतात एकच."

"काय?"

"कुणावर विश्वास ठेवू नका."

दोघंही हसली. लग्नाच्या इतक्या वर्षांत एकाच वेळी शाळेत जाणारी दोन मुलं असावीत तशी ती दोघं त्या दिवसांत होती. पुढे जे झालं ते बघता हे लिहावं की नाही, असं वाटतं. पण ते होतं हेही खरं.

संध्याकाळची भूक मात्र त्याला आवरत नसे. आवारातून घरी आला की तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. ते बघून ती पुन्हा कोष्टकं चाळायची. मग तिला कोष्टकात सुपाच्या वड्या सापडल्या. चौकोनी, चांदीच्या कागदातल्या, उकळत्या पाण्यात एक टाकली की झालं. उष्मांकांच्या रकान्यात त्यांच्यापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. हॉटेलवाले जिथून सामान घेतात तिथून ती एक मोठं खोकंच घेऊन आली.

"हे घ्या. हे हवं तेवढं प्या," ती म्हणाली. "याला बंदी नाही."

त्याने पहिला मग एका दमात संपवला आणि डोळे मिटून बसला. "चव आहे गं," तो म्हणाला. "किती दिवसांनी कशाला तरी चव आहे."

तेव्हापासून सकाळी एक मग, संध्याकाळी दोन, आणि आवारात न्यायला थर्मास भरून. पैलवान रोज त्याची थट्टा करायचा. पैलवान म्हणजे कारखान्यातलाच भट्टीचा सोबती, अंगाने काडी, म्हणून पैलवान. तोही लाइनच्या वर्गात होता. "वहिनी," एकदा तो दारात येऊन म्हणाला, "याला खांबाऐवजी पाण्याच्या टाकीवर नोकरी द्या. चालतीबोलती टाकी आहे."

परीक्षा महिन्यावर आली आणि काटा एकशे वीसच्या जरा वर येऊन थांबला. एक आठवडा थांबला. पुढच्या आठवड्यात खाली येण्याऐवजी थोडा वर गेला.

तिने बेरीज पुन्हा केली. चूक सापडेना. ताटात जे पडत होतं त्याने वजन वाढणं शक्य नव्हतं. तिने तक्ता मॅडमना दाखवला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि हसल्या. "तुमची बेरीज बरोबर आहे. तुमची केस चोरून खाते. सगळ्या केस खातात."

तिने तक्ता घडी करून पिशवीत टाकला. पण त्या संध्याकाळी नवरा हातपाय धुवायला गेला तेव्हा तिने त्याच्या शर्टाचे खिसे चाचपले. मग पँटचे. साहित्याच्या चामडी पिशवीत हात घालून बघितला. काही नव्हतं. नसल्यामुळे तिचा संशय कमी झाला नाही. उलट, मोठ्या हुशारीने खातात, असं तिला वाटलं. तो बोलायला जवळ आला की ती त्याच्या श्वासाचा वास घ्यायची. शेवटी तिने पैलवानला गाठलं.

"भावजी, हे डब्याशिवाय तिकडे काही खातात का हो? जरा लक्ष ठेवाल?"

पैलवानच्या पोटात काय राहणार! दुसऱ्या दिवशी त्याने भर वर्गात जाहीर केलं, "भट्टी, जपून राहा. वहिनींनी तुझ्यामागे गुप्तहेर लावलाय. आणि तो मीच आहे."

भट्टी घरी आला. डबा ओट्यावर ठेवला. बूट काढायला वाकला, पण अर्ध्यातच सरळ होऊन खुर्चीत बसला.

"पैलवानला काय सांगितलंस?"

"काय सांगायचंय? विचारलं नुसतं."

"मी खाल्लं नाही."

"मग वाढलं कसं? हवेनं?"

"मला काय माहीत? शिकतेस तू."

"मॅडम म्हणतात..."

"तुझ्या मॅडमनी मला कधी बघितलंय?" त्याचा आवाज चढला नाही. "वीस वर्षं एका ताटात जेवतोय आपण. मी खाल्लं नाही, असं मी तुला सांगतोय."

तिने त्याच्याकडे बघितलं. विश्वास ठेवावा असं तिला फार वाटलं, आणि त्याच वेळी, सगळ्या केस अगदी असंच बोलत असतील, असंही वाटलं. "परीक्षा तुमची आहे," ती म्हणाली. "माझं काय जातंय?"

त्यानंतर तो ते वाक्य पुन्हा बोलला नाही. तिने पाव निम्म्यावर आणला. त्याने तेवढाच खाल्ला. भूक जास्त लागायची, तेव्हा तो उठून स्वतःच पाणी उकळायचा आणि आणखी एक वडी टाकायचा. त्याला तेवढीच मोकळीक होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी मिठाचा धडा घेतला. तो पुस्तकात शेवटच्या भागात होता.

"मिठाला उष्मांक नसतात," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तुमच्या बेरजेत ते कुठे दिसतच नाही. पण ते अंगात पाणी धरून ठेवतं. हृदय अशक्त असेल तर ते पाणी पायात उतरतं, मग वर चढतं. वजन वाढतं आणि आपण म्हणतो, खाल्लं असेल." त्यांनी एका बाईला पुढे बोलावून तिच्या नडगीवर अंगठा दाबून दाखवला. "असं दाबायचं. खळगा पडून तसाच राहिला तर पाणी आहे. जिना चढताना धाप लागते, आडवं झोपवत नाही, उशा वाढतात..."

बाकावरून तिचा आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मॅडम, सुपाच्या वड्यांत..."

"त्या म्हणजे मीठच. थोडा वास लावलेलं."

जिन्याच्या मधल्या पायरीवर बुटाची नाडी सुटली म्हणून रोज थांबणारा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मोज्यांच्या रबराचे पायावर उमटलेले खोल वळ आले. ते बघून तिने नवे, मोठे मोजे आणले होते. त्याने पंधरा दिवसांपूर्वी मागून घेतलेली दुसरी उशी आली.

घरी येऊन तिने पिशवीही खाली ठेवली नाही. तो खुर्चीत बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याच्या पँटचा पाय वर सारला.

"काय करतेस? गुदगुल्या होतात."

तिने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

दोघंही त्या खळग्याकडे बघत राहिली. भट्टीवर तो पीठ असंच दाबून बघायचा. ठसा भरून आला नाही तर पिठात पाणी जास्त झालं असं समजायचं. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"पाणी जास्त झालंय," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे हे वाढलेलं वजन पाण्याचं."

"हो."

"म्हणजे मी खाल्लं नव्हतं."

हे म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला, की ती खाली बघायला लागली. तो वाट बघत होता. तिने एक शब्द बोलावा एवढीच त्याची अपेक्षा होती. पण तिच्या डोक्यात हृदय, धाप, उशा असं सगळं घोंघावत होतं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"परवा जाऊ."

"परवा नाही, आत्ता. तुम्हाला कळत नाही काय ते."

"मला एवढं कळतं, की पाणी असेल तर ते उतरवता येतं. आता काही पीत नाही उद्यापर्यंत. अर्ध्या किलोचा तर प्रश्न आहे." त्याने पँटचा पाय खाली केला. "उद्या एक दिवस गप्प राहा. वीस वर्षांत तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. उद्या खांबावर जाऊन येतो, परवा तू म्हणशील तिथे."

ती गप्प बसली. त्याने ते होकार म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुकलेल्या ओठांनी काट्यावर उभा राहिला. काटा एकशे एकोणिसाच्या पुढे गेला आणि एकशे वीसच्या रेघेच्या जरासा अलीकडे थांबला.

"भट्टीसाहेब!" मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "धरलं हो, पट्ट्याने तुम्हाला धरलं!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पैलवानने शिट्टी मारली. वीज कंपनीचे दोन साहेब खुर्च्यांवर बसले होते, तेही हसले. भट्टीने पट्टा खांबाभोवती टाकला, आकडा अडकवला, ओढून बघितला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीवर तो थांबला आणि त्याने खाली वाकून बुटाकडे बघितलं. नाडी सुटलेली नव्हती.

ती कुंपणाच्या जाळीपाशी उभी होती. येणार नाही असं तिने स्वतःला सकाळपासून बजावलं होतं.

"मास्तर!" ती ओरडली. "त्यांना उतरवा."

सगळे वळले. खांबावरून तो म्हणाला, "अगं, घरी जा."

"मास्तर, त्यांच्या अंगात पाणी भरलंय. त्यांना धाप लागते. उतरवा त्यांना."

"ऐकू नका मास्तर," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "तिच्या वर्गाचा अभ्यास चाललाय."

मास्तर एकदा तिच्याकडे, एकदा वर बघत राहिले. मग म्हणाले, "खाली या."

"मास्तर, वजन बसलंय माझं."

"वजन बसलंय. पण तार मेली म्हणून कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, आणि जिवंत आहे म्हणून सांगितलं तर ऐकायचं. शत्रूने सांगितलं तरी. हे मीच शिकवलंय तुम्हाला. या खाली."

तो खाली आला. साहेबांपैकी एकाने विचारलं, या बाईंना काय कळतं त्यातलं? मग ती फाटकातून आत आली, सगळ्यांच्या देखत त्याच्या पायापाशी बसली, पँट वर केली, मोजा उतरवला आणि अंगठा दाबला. वर्गातली माणसं वाकून बघायला लागली. पैलवानने मात्र बघितलं नाही. भट्टी हेल्मेट हातात धरून समोरच्या खांबाच्या टोकाकडे बघत उभा होता, तपासणीला आणलेल्या बैलासारखा.

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं. औषधं लिहून दिली. खांबावर चढणं कायमचं बंद. मग त्यांनी विचारलं, "खारट काय खात होता इतकं?"

भट्टी म्हणाला, "काही नाही. ही देईल तेच."

"सूप," ती म्हणाली. "वड्यांचं. दिवसाला चार, पाच मग. मी देत होते."

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मग डॉक्टरांना विचारलं, "आज चढलो असतो तर काय झालं असतं?"

"काहीही झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "चढून उतरलाही असता कदाचित. सांगता येत नाही."

डॉक्टरांनी ते सहज म्हटलं होतं. पण दोघं घरी आली ती तेवढंच घेऊन. त्याबद्दल दोघांत भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. एकदाच, औषधाच्या गोळ्या हातावर घेताना, तो म्हणाला, "आणि तू माझे खिसे बघत होतीस." तेव्हा तिने चूक कबूल केली, माफी मागितली, रडलीसुद्धा. त्याने ऐकून घेतलं आणि गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

तिच्या केसला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. मॅडम म्हणाल्या, इतकं बारीक निरीक्षण विद्यार्थी करत नाहीत. पुढच्या वर्षीच्या वर्गापुढे तिने ती केस मांडावी आणि जमल्यास मिस्टरांनाही आणावं. तिने जमणार नाही म्हणून सांगितलं. त्या गुणांवर तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. आता ती दिवसभर बिनमिठाची ताटं लावते, प्रत्येक ताटावर चिठ्ठी चिकटवते. पैलवान वीज कंपनीत आहे. कधीतरी त्यांच्या रस्त्यावरच्या खांबावर चढलेला दिसतो. भट्टी खिडकीत असला तर तो तिकडे पाठ करून काम करतो.

वड्यांचं ते खोकं तिने पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकायला उचललं होतं. भट्टी म्हणाला, "राहू दे." तिला वाटलं, आता हे खरंच चोरून पितील. तसं त्याने कधी केलं नाही. तो आळणी जेवतो आणि ताट पुसून ठेवतो.

पण संध्याकाळी ती कामावरून येते तेव्हा पाणी उकळलेलं असतं. ती खुर्चीत बसली की तो चांदीचा कागद सोलतो, वडी मगात टाकतो, चमच्याने ढवळतो आणि मग तिच्यापुढे ठेवतो.

"दमली असशील," तो म्हणतो. "पी. हवं तेवढं पी. याला बंदी नाही."

ती पिते. तो समोर बसून असतो. शेवटचा घोट जाऊन मगाचा तळ दिसेपर्यंत तो उठत नाही.

"चव आहे ना?"

"आहे," ती म्हणते.

मग तो मग विसळून पालथा घालतो. खोकं अजून अर्ध्याच्या वर भरलेलं आहे.